पाय टेकत नाहीत तिथे गेलं की धडधडतं. पन्नाशीजवळ पोहणं शिकणाऱ्यांनी काय केलं?

काठावरची:
वय ४८, राहणार सांगली. जन्म कृष्णाकाठचा, पण आमच्या घरातल्या मुली नदीवर जायच्या त्या धुणं घेऊन. आता तलावावर बायकांच्या बॅचला जाते. उथळ भागात तरंगणं जमतं, पाय मारणंही जमतं. पण तळाच्या फरश्या पुसट दिसायला लागल्या की छातीत धडधडतं, मान आपोआप वर येते आणि मी खाली जायला लागते. शिकवणाऱ्या बाई म्हणतात, "घाबरू नका." सांगून भीती जात असती तर फी कशाला भरली असती? मुलगा म्हणतो, "आई, कम्फर्ट झोन सोड." हा स्वतः पावसात कोपऱ्यावरून दूध आणत नाही! तर खरं सांगा, नुसतं सहन करत राहिलं की ही धडधड जाते का?

विहीरवाला:
आम्हा दोघा भावांना काकांनी विहिरीत ढकलून शिकवलं. मी शिकलो. धाकटा साठीला आला तरी विहिरीच्या कठड्याजवळ उभा राहत नाही. शेजारच्यांनी पोरांच्या पाठीला वाळका भोपळा बांधला होता, ती सगळी पोहतात. काय ते समजा.

शिट्टीवाली:
ताई, मी बायकांना पोहायला शिकवते. तुम्ही खोलात गेल्यावर श्वास कोंडून धरत असणार. श्वास कोंडला की रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि गुदमरल्यासारखं वाटतं ते मुख्यतः त्याने, ऑक्सिजन संपल्याने नव्हे. त्यात मान वर काढली की कंबर आणि पाय खाली जातात. म्हणजे धैर्य कमी पडत नाहीये, उच्छ्वास राहतोय.
आधी छातीभर पाण्यात तोंड बुडवून नाकाने सावकाश बुडबुडे सोडा. कंटाळा येईपर्यंत करा. मग खोल बाजूला शिडीने उतरा, कडा धरून नुसतं लटका. पोहायचं नाही. तिथेही बुडबुडेच. अस्वस्थ वाटतंय पण मनात आकडे मोजता येताहेत, तोवर थांबा. मोजणं विसरलं की बाहेर या. जीवरक्षकाला आधी सांगून ठेवा, एकटीने करू नका. आणि धडधड पाण्याबाहेरही होत असेल तर आधी डॉक्टर.

खारं पाणी:
वरच्या ताईंना दुजोरा. इंग्लिश खाडी पोहणारेही असेच बेताबेताने जातात. तिथल्या संघटनेच्या नियमाने आधी १६ अंश सेल्सिअस किंवा त्याहून थंड पाण्यात ६ तास पोहून दाखवावं लागतं, त्यामुळे त्याआधी कित्येक महिने गार पाण्याची सवय करतात. आरती साहा १९५९ मध्ये खाडी पार करणारी पहिली आशियाई महिला ठरली, पण त्याच्या महिनाभर आधीचा तिचा प्रयत्न अर्धवट राहिला होता. ढकलाढकलीचं कौतुक आपल्याकडेच फार.

काठावरची:
शिट्टीवाली ताई, बरोबर पकडलंत. गाल फुगवून पाण्यात जाते, असं बॅचमधल्या मैत्रिणीनेही सांगितलं होतं, मी हसण्यावारी नेलं. उद्या बुडबुडे. एकच अडचण: नाकात पाणी गेलं की डोक्यापर्यंत झणझणतं. नाकाला चिमटा लावला तर चालेल, की मग बुडबुडे कुठून सोडायचे?

शिट्टीवाली:
चिमटा नको, त्याने सवयच लागणार नाही. तोंड बुडवायच्या आधीच नाकाने "हूं" असा आवाज सुरू करा. हवा बाहेर येत असताना पाणी आत शिरत नाही.