सिक्युरिटी म्हणजे सुरक्षा, संरक्षण की सुरक्षितता?

तिखटमीठ:
मंडळी जरा मदत करा. युनोच्या सुरक्षा परिषदेचा १३२५ नंबरचा ठराव आहे ना, ३१ ऑक्टोबर २०००चा, त्यावर बचत गटाच्या बायकांसाठी सोप्या मराठीत चार पानं लिहायचीत. विषय 'महिला, शांतता आणि...' इथेच गाडी अडकलीय. 'सुरक्षा' लिहून वाचून दाखवलं तर एक मावशी म्हणाल्या, म्हणजे गेटवरचे का? :)

कडीपत्ता:
सुरक्षाच ठेवा, परिषदेच्या नावातच आहे. फक्त हिंदीवाल्यांसारखं 'रक्षा' नको, आपल्याकडे रक्षा म्हणजे नदीत सोडतात ती.

वाटसरू७२:
संरक्षण का नको? संरक्षण मंत्रालय म्हणतोच की.

झिपरी:
संरक्षणात गोची आहे, ते कुणीतरी कुणाचं तरी करायचं असतं. २००५च्या कायद्याचं नाव बघा, कौटुंबिक हिंसाचारापासून 'महिलांचे संरक्षण', म्हणजे बाई कायम षष्ठीत! स्त्रीवादी अभ्यासकांचं भांडण नेमकं याच्याशीच आहे, तुझं रक्षण मी करतो म्हटलं की तुला काय वाटतं हे विचारायची गरजच संपते. १३२५मध्ये वाटाघाटीच्या टेबलावर बायका हव्यात असंही आहे आणि बायकांना जपा असंही आहे, पुढे २००८च्या १८२० ठरावापासून (युद्धातले लैंगिक अत्याचार) पारडं जपण्याकडे झुकलं अशी टीका होते.
मी 'सुरक्षितता' म्हणेन, कारण ती 'मला' वाटते किंवा वाटत नाही, दुसऱ्याने सांगून चालत नाही. मणिपूरचं आठवा, २००४ मध्ये आसाम रायफल्सने घरातून नेलेल्या तरुणीचा मृतदेह सापडला आणि मग बारा बायका कांगला किल्ल्याच्या दारात विवस्त्र उभ्या राहिल्या. तिथे सुरक्षा दलं हवी तेवढी होती, सुरक्षितता कुठे होती?

वाटसरू७२:
हे पटलं. पण मग 'शांतता'पण तपासा, आपल्याकडे तो शब्द लायब्ररीतल्या पाटीवरचा आहे, गप्प बसा या अर्थाचा. गणपतीच्या आधी पोलीस ठाण्यात बसते ती शांतता समिती आणि बायकांसाठी वेगळी महिला दक्षता समिती, म्हणजे दंगलीचं पुरुषांनी बघायचं आणि सासू-सुनेचं बायकांनी!

झिपरी:
+१. २००३ मध्ये लायबेरियाच्या बायका अक्रामध्ये (घानाची राजधानी) त्यांच्या देशातलं यादवी युद्ध थांबवायच्या वाटाघाटी चालल्या होत्या त्या हॉलचे दरवाजे अडवून बसल्या, समझोता झाल्याशिवाय कुणाला बाहेर सोडणार नाही म्हणून, तेव्हा काही लायब्ररीवाली शांतता नव्हती. त्यातल्या लेमा बोवी यांना २०११चं नोबेल मिळालं.

कडीपत्ता:
एवढा कीस पाडायचा तर मराठीलाच कशाला झोडपताय, इंग्रजीतही तेच आहे. सिंथिया एन्लो या अभ्यासक बाईंनी 'वुमेनअँडचिल्ड्रेन' असं मुद्दाम सलग लिहून दाखवलं होतं, बातम्यांमध्ये दोघांची मोट बांधतात म्हणून.

झिपरी:
आपल्याला मुद्दाम लिहावं लागत नाही हो, 'बायकापोरं' सलगच आहे :D आणि गंमत म्हणजे १३२५च्या प्रस्तावनेतही 'विशेषतः महिला व मुलं' आहेच.

तिखटमीठ:
काल त्याच मावशींना विचारलं, तुम्हाला सुरक्षित कधी वाटतं? म्हणाल्या, नवरा रात्रपाळीला असला की. बाकीच्या हसल्या, मग बराच वेळ कुणी बोललं नाही. तर 'सुरक्षितता' फायनल, आणि मावशींचं वाक्य पहिल्या पानावर, त्यांना विचारून.
आता पीसकीपिंगला (युद्ध झालेल्या देशात शांतता टिकवायला युनो माणसं पाठवते ते) काय लिहू? 'शांतिसेना' म्हटलं की १९८७ला श्रीलंकेत गेलेली आपली फौज आठवते, आणि २००७ मध्ये भारतातून लायबेरियाला गेलेल्या बायका सैन्यातल्या नव्हत्या, पोलीस होत्या. 'शांतिपोलीस' कसंतरीच वाटतंय, सुचवा काहीतरी.