केसगळतीवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांसाठी वेगळी परीक्षा सक्तीची हवी का?

पाऊलवाट:
माझी थोरली बहीण दोन वर्षं एका डॉक्टरांकडे केसगळतीसाठी जात होती. डोक्याला लावायचं मिनॉक्सिडिल झालं, गोळ्या झाल्या, डोक्यात पीआरपीची (स्वतःच्याच रक्तातून वेगळ्या काढलेल्या द्रवाची) इंजेक्शनंही झाली. कपाळावरची केसांची रेघ मागेच सरकत राहिली, भुवया विरळ झाल्या. शेवटी एका त्वचारोगतज्ज्ञांनी डर्मोस्कोपने, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाने पाहिलं, बायोप्सी केली. निदान निघालं फ्रंटल फायब्रोसिंग अ‍ॅलोपेशिया. यात दाहामुळे केसाच्या मुळाच्या जागी व्रण धरतो आणि गेलेला केस परत येत नाही. वेळेवर ओळखलं असतं तर निदान उरलेले वाचवायचा प्रयत्न तरी झाला असता. हा आजार 1994 पासून वैद्यकीय साहित्यात आहे आणि पन्नाशीच्या बाईच्या भुवया जाणं ही त्याची ठळक खूण. दोन वर्षांत तिच्या भुवयांकडे कोणी पाहिलंच नाही.

दोन-तीन दिवसांच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र भिंतीवर लावून हे काम करता येऊ नये. आधी निदानाची परीक्षा, मग सुई.

साधा_डॉक्टर:
ताईंबद्दल वाचून फार वाईट वाटलं. तरीही असहमत. मी जनरल प्रॅक्टिस करतो. केसांची तक्रार घेऊन येणाऱ्यांत आनुवंशिक टक्कल असतं, नाहीतर मोठ्या तापानंतर किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी सुरू झालेली गळती. ही दुसरी बहुतेकदा आपोआप थांबते. रुग्णाला ते समजावून सांगायचं, गरज वाटली तर थायरॉइड आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासायचं, एवढं माझ्याकडे होतं. परीक्षेची सक्ती केलीत तर माझ्यासारखे हात काढून घेतील. रुग्ण मग तज्ज्ञाची वाट बघत बसणार नाही, जाहिरातीतलं तेल घेईल.

नांगी:
मी केसांच्या रोपणाच्या बाजूने बोलते, तेच माझं काम आहे. लेखी परीक्षेने हात तयार होत नाही. डोक्याच्या मागच्या भागातून काढलेलं मूळ तिथे पुन्हा उगवत नाही, त्यामुळे नवशिक्याने वाया घालवलेला प्रत्येक ग्राफ्ट, म्हणजे असं काढलेलं मूळ, रुग्णाच्या मर्यादित साठ्यातून जातो. भूल द्यायची ती वजनावर: अ‍ॅड्रेनलिनसह लिग्नोकेन किलोमागे 7 मिलिग्रॅमपर्यंत. तासन्‌तास चालणाऱ्या कामात हा हिशेब चुकला तर झटके येऊ शकतात, हृदयाची लय बिघडू शकते. म्हणून देखरेखीखाली केलेल्या केसेस मोजा. ग्राफ्ट बसवायला मदतनीस असायला माझी हरकत नाही, पण छेद डॉक्टरनेच घ्यायचा.

पाऊलवाट:
@नांगी, हात तयार हवा हे पटलं. पण धुमसत असलेल्या व्रणाच्या आजारावर कितीही सफाईने रोपण केलं तरी ते टिकत नाही, हे तुम्हालाच जास्त ठाऊक. बहिणीलाही रोपणाचा सल्ला मिळाला होता! तिथे कुठला हात कामी आला असता?

@साधा_डॉक्टर, तुमचं ‘बहुतेकदा’ मान्य. जे त्यात बसत नाहीत त्यांना ओळखायचं कोणी?

नांगी:
निदानाशिवाय रोपण नको, यावर वादच नाही. मी फक्त एवढंच म्हणते की तेवढ्यावर कुणाला सर्जन म्हणू नका.

साधा_डॉक्टर:
ओळखायचं मीच, हे खरं. टाळू गुळगुळीत दिसतेय, केसांची छिद्रं बुजलीत, खाज किंवा आग होतेय, भुवया जाताहेत: यातलं काहीही दिसलं की लगेच पुढे पाठवायचं. हे शिकवायला एक दुपार पुरे आणि ती दुपार प्रत्येक डॉक्टरला सक्तीची करा, माझा पाठिंबा. माझा विरोध परीक्षेला आहे आणि तो कायम आहे.