साथ आली तर सिंहस्थात म्हाताऱ्यांना अडवायचं का? (२००९च्या हजवरून)

रामबागवाले
उज्जैनचं २०२८चं सिंहस्थ म्हटलं की इंदूरात रस्ते, पूल, घाट एवढंच ऐकू येतं. ऐन वेळी फ्लूची साथ आली तर काय, हे कोणी बोलतच नाही म्हणून हा धागा. २००९ आठवा, जूनमध्ये डब्ल्यूएचओनं स्वाइन फ्लूची महामारी जाहीर केली आणि नोव्हेंबरात हज. सौदी सरकारनं हज रद्द नाही केला, बाहेरचे एक्स्पर्ट बोलावले आणि आधीच सांगून टाकलं की म्हातारे, लहान मुलं, गरोदर बायका आणि जुनाट आजारवाल्यांनी यंदा थांबावं. जुलैत अरब देशांचे आरोग्यमंत्री कैरोला बसले, त्यांनी तर ६५च्या वरचे आणि १२च्या खालचे नकोतच म्हटलं. ट्युनिशियानं कोणाला पाठवलंच नाही. तरी वीस लाखांच्या वर माणूस जमला आणि सरकारी आकडा ७३ केस, ५ मृत्यू. माझं म्हणणं, आपणही वयाचा नियम आत्ताच जाहीर करून मोकळं व्हावं, नंतर बॅरिकेडपाशी रडारड नको.

स्नेहलतागंजची काकू
वा! पहिली काठी म्हाताऱ्यांवरच का? हज दरवर्षी असतो हो, सिंहस्थ बारा वर्षांनी येतं. सत्तरीच्या बाईला "यंदा राहू द्या, पुढच्या वेळी या" हे एकदा तोंडावर म्हणून दाखवा. आमच्या सासूबाईंचं २०१६चं गुडघ्यांपायी हुकलं, आता बिस्किटाच्या डब्यात पाचशेच्या नोटा रबर लावून ठेवल्यात, वर चिठ्ठी "उज्जैन". त्या डब्याला हात लावायची माझी तरी टाप नाही.

रामबागवाले
काकू, भावना कळते, पण व्हेंटिलेटर लागला तर तो डबा एका दिवसात रिकामा होतो.

राजवाड्याचा भिया
कशाला अर्धंमुर्धं, सरळ बंद करा ना भिया. २०२०ला वारी पायी निघाली का? पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या, विठोबा काय रुसला? देव घरी पण आहे, आपल्या इंदूरच्या पंढरीनाथाला हात जोडा आणि गप बसा.

लॅबवाला_सुदामानगर
भिया, तेव्हा कोविडला लस नव्हती, फ्लूला आहे. आणि २०१५ला स्वाइन फ्लूनं देशात जवळजवळ ३ हजार माणसं गेली, तेव्हा कोणती जत्रा बंद ठेवली होती? उगाच दोन्ही एका तागडीत टाकू नका.
रामबागवाले, तुमच्या मुद्द्यातच घोळ आहे. २००९चा एच१एन१ (म्हणजे हाच स्वाइन फ्लू) नेहमीच्या फ्लूसारखा नव्हता. साठीच्या पुढच्यांना तो कमी झाला कारण त्यांच्या लहानपणी त्याच्या जवळचा फ्लू होऊन गेलेला, थोडी इम्युनिटी शिल्लक होती (झाला की मात्र त्यांनाही जडच जायचा, ते वेगळं). केसेस जास्त पोरांच्या आणि तरण्यांच्या. गरोदर बायकांना थांबवलं ते अगदी बरोबर, पण ६५ची रेघ ही नेहमीच्या फ्लूच्या हिशोबानं मारलेली, म्हणजे सरकार आजोबांना अडवतंय आणि व्हायरस नातवाच्या मागे. म्हणून म्हणतो, आधी स्ट्रेन, म्हणजे व्हायरसचा प्रकार बघा मग नियम काढा. आणि ते ७३ म्हणजे टेस्टमध्ये सापडलेले, ताप अंगात घेऊन विमानात बसले ते कोणी मोजले?

रामबागवाले
मग नाक्यावर चेकिंग ठेवा, ताप असेल तो परत.

लॅबवाला_सुदामानगर
अहो, फ्लू ताप यायच्या एक दिवस आधीपासून पसरतो. ते ताप मोजायचं पिस्तूल कपाळाला लावून "चला चला" करणारा पोरगा कोणाला पकडणार? आणि वरून पॅरासिटामॉल घेतलेला माणूस तर थंडगार. कोविड रिपोर्टची सक्ती करून बघितली ना हरिद्वारला २०२१च्या कुंभात, नंतर खोट्या टेस्टचीच चौकशी लागली. त्यापेक्षा लस द्या, पण निघायच्या किमान दोन आठवडे आधी, घाटावर तंबू टाकून टोचली तर स्नानापर्यंत काही उपयोग नाही.

स्नेहलतागंजची काकू
लस घेऊ की, सासूबाई पण घेतील, पण प्रायव्हेटला हजार-दोन हजार मागतात. घाटाला पैसा आहे तर याला का नाही? यात्रेकरूला फुकट द्या, मग आम्हाला नियम शिकवा.

राजवाड्याचा भिया
फुकट दिली तरी निम्मे घेणार नाहीत, बघालच तुम्ही.

रामबागवाले
लॅबवाले दादा, स्ट्रेन बघून नियम काढा म्हणता, पण सौदीला हातात पाच महिने होते. आपल्याकडे साथ फेब्रुवारीत उठली तर? तोवर लोकांची रिझर्वेशनं, धर्मशाळा, सगळं ठरलेलं असणार.

लॅबवाला_सुदामानगर
हे मात्र खरंय. मग दोन ड्राफ्ट आत्ताच तयार ठेवायचे, एक म्हाताऱ्यांना धरणाऱ्या फ्लूचा, एक तरण्यांना धरणाऱ्याचा, आणि तारीख टाकायची जागा रिकामी. यात्रा पुढे ढकलली तर तिकिटाचे पूर्ण पैसे परत, हे दोन्हीत पहिल्याच ओळीत.

स्नेहलतागंजची काकू
आणि म्हाताऱ्यांच्या ड्राफ्टवर सही कोणाची, ते पण लिहा. भांडायला कोणाकडे जायचं ते कळू दे.