मदत हवी आहे: जुना डेस्कटॉप फारच स्लो झालाय

नमस्कार मंडळी. भुसावळला घरी चौथ्या पिढीच्या इंटेल आय-३ प्रोसेसरचा डेस्कटॉप आहे. ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत १०० टक्के, सीपीयू मात्र निवांत. स्टार्टअपमधले प्रोग्रॅम बंद केले, धूळही काढली (आपल्याकडचा उन्हाळा माहीतच आहे), फरक शून्य. दुकानदार म्हणतो, नवीनच घ्या. त्याचं काय जातंय! मला वाटतं, साटा एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) आणि आणखी ४ जीबी रॅममध्ये भागावं. पण विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आणि विंडोज ११ या प्रोसेसरवर अधिकृतपणे चालत नाही. मग लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम) टाकू का? पप्पांना फक्त केळीचे भाव, बँकेचं काम आणि मराठी टायपिंग लागतं. प्रिंटरला अडचण येते का? कुणी वापरत असेल तर सांगा भाऊ.