विषय: फोनिक्स आणि घरातलं ‘ए फॉर अ‍ॅपल’

नमस्कार मंडळी,
मुलगा सप्टेंबरपासून रिसेप्शनमध्ये (इंग्लंडमधल्या शाळेचं पहिलं वर्ष) जातोय. शाळेत फोनिक्सने, म्हणजे अक्षरांच्या आवाजांवरून, वाचायला शिकवतात; स्, अ‍ॅ, ट्, प्, इ, न् अशा क्रमाने आवाज शिकवतात. घरी आजी-आजोबा प्रेमाने ‘ए फॉर अ‍ॅपल’ घेतात. आता पुस्तकात ‘सॅट’ आलं की तो ‘एस-ए-टी’ म्हणून थांबतो. त्यात आम्ही मुळाक्षरंही सुरू केलीत. गोंधळ नको म्हणून मराठी थोडे महिने बंद ठेवू का?
– रेडिंगहून एक आई

ताई, मराठी मुळीच बंद करू नका! मी इथे इयर वनला, म्हणजे रिसेप्शननंतरच्या वर्गाला, शिकवते, म्हणून आग्रहाने सांगते.

इंग्रजीत अक्षरं २६ आणि आवाज सुमारे ४४. वाचताना आवाज लागतात. अक्षरांची नावं मागाहून आली तरी चालतं. आजी-आजोबांना एवढंच सांगा, अक्षराचा पाय मोडून म्हणा. ‘क-अ‍ॅ-ट’ जोडलं तर ‘कअ‍ॅट’ होतं, ‘क्-अ‍ॅ-ट्’मधून कॅट निघतं. स्, म्, फ् छान लांबवता येतात. ब्, ड्, ग् म्हणताना थोडा ‘अ’ येतोच, तो आखूड ठेवायचा.

आवाज जोडण्याचा सराव मराठीतच करा. आंघोळ घालताना म्हणा, ‘न्-आ-क् दाखव, क्-आ-न् दाखव, प्-आ-य् दाखव.’ हे जमलं की इंग्रजी शब्दही जुळायला लागतात, कारण कानाचं काम तेच.

आणि चित्र बघून शब्द ओळखायला लावू नका. इंग्लंडमध्ये २०१२ पासून इयर वनच्या जूनमध्ये फोनिक्सची तपासणी असते. ४० शब्दांतले २० मुद्दाम बनवलेले, निरर्थक. अंदाजाची सवय असलेलं मूल ‘स्ट्रॉम’ला ‘स्टॉर्म’ म्हणून मोकळं होतं. ‘द’, ‘वॉज’, ‘सेड’ असे आवाज जोडून न जमणारे आडमुठे शब्द मात्र शाळा वेगळे शिकवते, त्यांची काळजी नको.

शिक्षिकाताईंच्या म्हणण्याला जोड देतो. नातीला शिकवताना ‘व’ची अडचण येते. ‘व्हॅन’च्या व्हीला वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, ‘वेट’च्या डब्ल्यूला ओठांचा चंबू होतो; आपण दोन्हीकडे एकच ‘व’ म्हणतो. एवढे दोन आवाज आम्ही तिला शाळेने दिलेल्या व्हिडिओवरूनच ऐकवतो, बाकी सगळं घरी.
– मँचेस्टरचे आजोबा