पप्पांचं ९३ वर्षांचं आयुष्य मिस्सात चार मिनिटांत कसं सांगू?

थोरली_लेक:
पप्पा गेले परवा रात्री. ९३ वर्षांचे होते, शेवटपर्यंत शुद्धीत होते आणि फादर येऊन तेल लावून कम्युनियन (ख्रिस्तप्रसाद) देऊन गेले होते, त्यामुळे मनाला तेवढं समाधान आहे. येत्या परवा मिस्सा (चर्चमधला ख्रिस्तप्रसादाचा विधी) आणि दफन आहे आणि भावंडांनी परस्पर ठरवून टाकलंय की बोलायचं मी. फादर म्हणाले कम्युनियननंतर बोल, पण तीन-चार मिनिटं, जास्त नको. इकडे घरातल्यांनी यादीच हातात दिलीय, कॉयरमध्ये किती वर्षं, पॅरिश कौन्सिल, व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी, नातवंडं किती पतवंडं किती. हे सगळं खरंय पण वाचून दाखवलं तर पप्पा त्यात दिसतच नाहीत हो. मला आठवतं ते वेगळंच, मम्मी शेवटी सगळं विसरली होती, आमची नावंसुद्धा, तेव्हा पप्पा रोज संध्याकाळी तिचे केस विंचरून द्यायचे आणि विंचरता विंचरता रोजरी (माळेवरची प्रार्थना) सुरू करायचे, आणि नमो मारिया म्हटलं की पुढचा अर्धा भाग ती न चुकता म्हणायची. हे चर्चमध्ये सांगावं का, की फार खासगी वाटेल? आणि अजून एक, धाकटा भाऊ बरीच वर्षं चर्चला येत नाही, त्याचं काय करू, त्याचा उल्लेख करू की टाळू? कुणी असं बोललंय का आधी, प्लीज सांगा.

जुना_सॅक्रिस्टन:
ताई, तुमच्या दुःखात सहभागी आहे. फादर बरोबर सांगतायत. १९६९ साली अंत्यविधीचं नवीन पुस्तक आलं त्यात स्पष्ट आहे की फादरांचं प्रवचन म्हणजे मयताची स्तुती नव्हे, ते ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाबद्दल असतं. घरच्यांना दोन शब्द बोलायला जागा आहे ती कम्युनियननंतरची प्रार्थना संपली की, शेवटच्या निरोपाच्या प्रार्थनेआधी. लोक तेव्हा उभे राहायच्या तयारीत असतात म्हणून लांबवू नका. यादी, किस्से, फोटो, नातवंडांचं बोलणं हे सगळं आदल्या रात्रीच्या प्रार्थनेला ठेवा, तिथे मोकळीक असते आणि खरं तर ते तिथेच शोभतं. अजून एक कळकळीने सांगतो, पप्पा आता स्वर्गातून बघतायत असं ठाम म्हणू नका. आपण त्यांच्यासाठी प्रार्थना करायला जमलोय, तर लोकांना प्रार्थना मागा. माणूस कितीही चांगला असला तरी त्याला प्रार्थनेची गरज असते, आणि पप्पांसारख्या माणसाला हेच आवडलं असतं असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं.

माळ_आणि_मेणबत्ती:
केस विंचरायचं नक्की सांगा!! तेच सांगा, बाकी सगळं त्याच्या आजूबाजूला बसवा. लग्नाच्या वेळी सुखात-दुःखात, आजारपणात साथ देईन असं वचन सगळेच देतात, ते पाळणं कसं दिसतं हे लोकांना त्या एका गोष्टीत दिसेल.
तुमचे पप्पा ९३ म्हणजे त्यांनी चर्चचे दोन काळ बघितले. लहानपणी वेदीसेवक होते का? असतील तर लॅटिन मिस्सा पाठ असणार, सुरुवातीलाच फादर वेदीच्या पायरीशी म्हणायचे मी देवाच्या वेदीकडे जाईन आणि मुलांनी उत्तर द्यायचं आद देउम क्वी लेतिफिकात युवेन्तूतेम मेआम, म्हणजे माझ्या तारुण्याला आनंद देणाऱ्या देवाकडे. आमच्या आजोबांना म्हातारपणीसुद्धा ते घडाघडा यायचं. कम्युनियनसाठी आदल्या मध्यरात्रीपासून उपास असायचा, तो १९५७ मध्ये तीन तासांवर आला आणि १९६४ मध्ये एका तासावर. त्याच सुमारास व्हॅटिकनची दुसरी परिषद झाली, मिस्सा आपापल्या भाषेत आली, २००२ मध्ये रोजरीत प्रकाशाची पाच रहस्यं (म्हणताना मनन करायचे येशूच्या आयुष्यातले प्रसंग) वाढली, तीही या लोकांनी सत्तरीत पाठ केली. एवढं बदललं आणि माणूस रविवारी त्याच बाकावर. हे एका वाक्यात घाला, ९३ वर्षं म्हणजे काय ते लगेच कळतं.
आणि यादीतलं काही ठेवायचंच तर व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी ठेवा. ती १८३३ मध्ये पॅरिसला फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या मित्रांनी सुरू केली. ओझानाम फादर वगैरे नव्हता, पुढे नवरा झाला, एका मुलीचा बाप झाला, आणि १९९७ मध्ये त्याला धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं. सोसायटीचं मुख्य काम गरिबाच्या घरी स्वतः जाऊन बसणं. पप्पा कुणाच्या घरी जायचे ते आठवा, नाव न घेता एक घर सांगा.

दूरचा_मुलगा:
मी तुमच्या धाकट्या भावाच्या जागी आहे म्हणून लिहितोय. माझे वडील गेले तेव्हा बहिणीने चर्चमध्ये माझ्याबद्दल एक शब्द काढला नाही, मला वाईट वाटू नये म्हणूनच, पण मी मागच्या बाकावर बसून तेच मोजत होतो. नंतर आईने सांगितलं की वडील रोज रात्री रोजरीचं एक दशक (दहा नमो मारिया) माझ्यासाठी म्हणायचे आणि मला कधी कळू दिलं नाही, फोनवर कधी विचारलं नाही की चर्चला गेलास का. विचारायचे जेवलास का. तुमच्या पप्पांनी असं काही केलं असेल तर भावाला आधी एकट्याला सांगा, मिस्साच्या आधी, लोकांसमोर पहिल्यांदा कळायला नको. आणि त्याला विचारा, तुला बोलायचंय का.

जुना_सॅक्रिस्टन:
वरच्याला जोडून. चर्चला येत नसला तरी भाऊ बोलू शकतो, ते काही बायबलचं वाचन नाही. फक्त फादरांच्या कानावर घाला आधी. आणि कागद मोठ्या अक्षरात छापून घ्या, त्या क्षणी डोळ्यांपुढे काही दिसत नाही.

थोरली_लेक:
सगळ्यांचे मनापासून आभार. हो, वेदीसेवक होते, आणि ते लॅटिन आम्ही खूप ऐकलंय, तुम्ही लिहिलेलं वाचून रडूच आलं. यादी भाची वाचेल आदल्या रात्री. मी फक्त मम्मीचे केस, आणि पप्पा ज्या आजारी म्हाताऱ्या बाईकडे दर शनिवारी जायचे ते. भावाला फोन केला, बराच वेळ बोललो. रात्रीच्या प्रार्थनेला येतो म्हणाला, बोलायचं अजून ठरवलं नाही, मी आग्रह केला नाही.
एक विचारायचं राहिलं. आत्या म्हणते पप्पांसाठी ग्रेगरीच्या ३० मिस्सा द्यायच्या, पण आमच्या पॅरिशमध्ये फादर एकच आहेत, जमेल का?

जुना_सॅक्रिस्टन:
एका पॅरिशला अवघड जातं, कारण ३० दिवस सलग, रोज एक, आणि फक्त त्याच एका व्यक्तीसाठी. पण सगळ्या एकाच फादरांनी अर्पण करायला हव्यात असं नाही, जागाही बदलली तरी चालते. एखाद्या धर्मसंघाच्या मठात चौकशी करा, तिथे बरेच फादर असतात, ते घेतात. तुमच्या फादरांनाच विचारा कुठे द्यायच्या ते.