रायफलच्या दस्त्यातला पट्ट्याचा स्टड ढिला झालाय: इपॉक्सी भरू की खुंटी ठोकू?

पेनसिल्व्हेनियाकर

बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल आहे, दस्ता अक्रोडाचा. दुर्बिणीसकट वजन साधारण 4 किलो. पट्टा अडकवायचा मागचा स्टड, म्हणजे बुडाजवळ थेट लाकडात जाणारा, बोटांनी फिरतो. आवळायला गेलं की दोन फेरे घट्ट लागतात आणि मग सटकतो. ओढला तर 2 मिमी वर येतो. भोकात काड्यांचे तुकडे आणि वाळलेला डिंक दिसतोय, म्हणजे आधी कोणीतरी डागडुजी केलेली आहे. स्टडभोवतीचं लाकूड बाकीच्या दस्त्यापेक्षा काळपट आहे.

इथला हरणाचा रायफल हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी सुरू होतो, म्हणजे हातात दोन आठवडे आहेत. ड्रिल, व्हाइस, इपॉक्सी घरात आहे. नुसतं इपॉक्सी ओतून स्टड बसवला तर टिकेल का?

रंधा_आणि_पटाशी

टिकेल, पण आधी त्या काळपट लाकडाचा बंदोबस्त करा. ते तेल आहे. स्विव्हल, म्हणजे स्टडमध्ये अडकवलेली पट्ट्याची फिरती कडी, कुरकुरतं म्हणून लोक त्यावर तेल सोडतात, ते स्टडच्या कडेने भोकात उतरतं आणि लाकूड मऊ पडतं. मऊ लाकडात आटे धरत नाहीत, आणि तेलावर ना डिंक चिकटतो ना इपॉक्सी. आधीच्या काड्या निघाल्या त्या बहुधा याच कारणाने.

सगळ्यात आधी रायफल रिकामी करा. मॅगझिन काढा, चेंबरमध्ये बोट घालून बघा, बोल्ट बाहेर काढून ठेवा. काडतुसं त्या खोलीत नकोतच.

स्टडच्या डोळ्यातून, म्हणजे कडी अडकवायच्या छिद्रातून, एक जाड खिळा घालून उलटा फिरवा, बाहेर येईल. जुना डिंक आणि काड्या टोकदार हत्याराने खरवडून काढा. भोकाभोवती मास्किंग टेप लावा, कारण अ‍ॅसिटोन पॉलिशवर सांडलं तर पॉलिश उठतं. आता कान साफ करायची कापसाची काडी अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून भोकाच्या आत फिरवा. पहिली काडी तपकिरी निघेल, दुसरीही. काडी जवळपास पांढरी निघेपर्यंत करत राहा, मग दस्ता एक पूर्ण दिवस वाळू द्या. दुसऱ्या दिवशी आतलं तेल पुन्हा वर आलेलं दिसलं तर परत तेच. कंटाळवाणं काम आहे, पण दुरुस्ती टिकणार की नाही ते इथेच ठरतं.

मग भोक 1/4 इंचाच्या बिटने मोठं करा. बिटला 22 मिमीवर टेप गुंडाळा म्हणजे खोली चुकणार नाही. भोकाचं तोंड स्टडच्या बुडाच्या कडेपेक्षा लहान राहिलं पाहिजे, नाहीतर इपॉक्सीची काळी कड कायम दिसेल. आतल्या भिंती वाकड्या टोकाच्या हत्याराने ओरबाडा, मध्ये एक-दोन खाचा पाडा. इपॉक्सी त्या खाचांत अडकतं आणि गुळगुळीत बुचासारखं निघून येत नाही.

इपॉक्सी 5 मिनिटांत घट्ट होणारं घेऊ नका. ब्राऊनेल्सचं अ‍ॅक्राग्लास जेल समान भागांत मिसळतात, जेबी वेल्डही तसंच. स्टडच्या आट्यांना मेणाचं बूटपॉलिश पातळ चोळा म्हणजे पुढे कधी काढायचा झाला तर निघेल. इपॉक्सी टूथपिकने भोकाच्या तळापासून वर भरत या. वरून ओतलंत तर खाली हवेचा बुडबुडा अडकतो आणि शेवटच्या आट्यांना काहीच धरायला राहत नाही. स्टड फिरवत आत घाला, डोळा दस्त्याला आडवा येईल असा थांबवा, बाहेर आलेलं लगेच पुसा. दस्ता उलटा, म्हणजे स्टड वर करून, फडकं गुंडाळलेल्या व्हाइसमध्ये 24 तास राहू द्या.

अक्रोड_आणि_शिसम

वरचं सगळं मान्य. फक्त भोक आधीच एकदा दुरुस्त झालंय, त्यामुळे साफ केल्यावर ते किती मोठं आणि किती वेडंवाकडं निघतं ते बघा. 1/4 इंचाच्या बाहेर गेलं असेल तर मी लाकडाचाच तुकडा घालायला सांगेन. पण बाजारची गोल खुंटी नको.

कारण असं. खुंटीच्या रेषा तिच्या लांबीच्या दिशेने धावतात. ती भोकात ठोकली की स्क्रू त्या रेषांना समांतर, टोकाकडून आत जातो. तिथे आटे लाकडाचे तंतू आडवे कापतात, उरलेले आखूड तुकडे सहज निसटतात, आणि थोड्या वापरात पकड जाते. मूळ दस्त्यात स्क्रू रेषांना आडवा गेलेला असतो, म्हणून तो धरतो. तुम्हालाही तेच साधायचंय. अक्रोडाच्या किंवा मेपलच्या फळीतून प्लग कटरने (लाकडाचं गोल बूच कापणाऱ्या बिटने) 3/8 इंचाचा तुकडा काढा. त्याच्या रेषा दस्त्याच्या रेषांशी जुळवून इपॉक्सीने बसवा.

वाळल्यावर 5/32 इंचाचं पायलट भोक, आणि वरच्या बिनआट्याच्या भागापुरतं 7/32. हे दुसरं माप लोक गाळतात. मग स्टडचा जाड भाग लाकडात पाचरीसारखा घुसतो आणि रेषेच्या दिशेने चीर पडते. आट्यांना मेण लावा आणि हाताने आवळा.

आणखी एक. स्टड पूर्ण बसला पण डोळा चुकीच्या दिशेला राहिला, म्हणून अर्धा फेरा जोर लावून फिरवला, असे आटे गेलेले फार दस्ते असतात. तिथे जोर लावायचा नाही. स्टडच्या बुडाखाली पातळ वॉशर टाका, किंवा ते बूड कानशीने किंचित घासा. मात्र शेवटी बूड लाकडाला टेकलंच पाहिजे. 1 मिमी जरी वर राहिलं तरी पट्टा प्रत्येक पावलाला स्टड तरफेसारखा हलवतो आणि भोक लांबट होतं.

पेनसिल्व्हेनियाकर

साफ केलं. पाच काड्या तपकिरी, सहावी बरी निघाली. भोक 1/4 च्या आतच आहे. पण टेप काढल्यावर भोकापासून दस्त्याच्या बुडाकडे केसाएवढी चीर दिसली, साधारण 15 मिमी. आता?

रंधा_आणि_पटाशी

आधी चीर, मग भोक. चिरेतही अ‍ॅसिटोन जाऊ द्या आणि वाळवा. मग पाण्यासारखा पातळ सुपरग्लू टोकाने चिरेवर सोडा, तो आपोआप आत ओढला जातो. घट्ट जेलवाला आत जाणार नाही. लगेच पॅड लावलेल्या क्लॅम्पने दोन्ही बाजूंनी दाबा, चीर मिटेल एवढंच. रात्रभर ठेवा आणि दुसऱ्या दिवशी 1/4 चं ड्रिल मारा. चीर भोकाच्या दोन्ही बाजूंना गेली असती, किंवा दस्त्याच्या मनगटापर्यंत, म्हणजे ट्रिगरमागच्या मुठीत धरायच्या बारीक भागापर्यंत, पोचली असती, तर गनस्मिथकडेच पाठवायला सांगितलं असतं.

हाताशी आहे तर पुढचा स्टडही बघून घ्या. लाकडी दस्त्यात तो बहुतेकदा लाकडात नसतो. 10-32 आट्यांचा मशीन स्क्रू असतो आणि त्याचा नट नळीच्या खोबणीत बसवलेला असतो. ढिला झाला की बाहेरून कितीही फिरवा, आत नटही फिरतो. त्यासाठी नळी आणि तिच्या मागची, बोल्ट ज्यात सरकतो ती अ‍ॅक्शन दस्त्यातून काढावी लागते. नट पकडून आवळा, आट्यांना निळा लॉकटाइट (आटे ढिले होऊ न देणारा गोंद) लावा. स्क्रूचं टोक किंवा नट नळीला टेकता कामा नये. टेकला तर पट्टा ताणल्यावर नळीवर दाब येतो आणि गोळी लागायची जागा सरकते. परत जोडताना अ‍ॅक्शन स्क्रू कंपनीच्या पुस्तिकेतल्या टॉर्कनेच आवळा आणि नेम तपासल्याशिवाय रानात जाऊ नका.

काळी_बट

सिंथेटिक दस्तेवाल्यांसाठी: इपॉक्सी यात विसरा. स्वस्त दस्ते आतून पोकळ असतात आणि त्या प्लास्टिकला इपॉक्सी नीट धरत नाही. रिकॉइल पॅडचे, म्हणजे दस्त्याच्या बुडावरच्या रबरी गादीचे, दोन स्क्रू काढा. आत हात पोचत असेल तर लाकडी स्क्रूऐवजी मशीन स्क्रूचा स्टड घाला, आतून रुंद वॉशर आणि नायलॉकचा (नायलॉनच्या कड्यामुळे ढिला न होणारा) नट.

सावंतवाडीकर

आमच्याकडे पीक संरक्षणाच्या परवान्यावरची बंदूक आहे, पट्ट्याची कडी अशीच हलते. हे घरी करता येईल का?

अक्रोड_आणि_शिसम

नको, दादा. भारतात शस्त्र कायदा 1959 च्या कलम 5 प्रमाणे शस्त्राच्या दुरुस्तीलाच परवाना लागतो. परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे न्या, जाताना स्वतःचा परवाना बरोबर ठेवा. तेल काढून मग भरा, एवढं मात्र त्याला आवर्जून सांगा.

पेनसिल्व्हेनियाकर

चीर मिटली, स्टड बसला, 24 तास झाले. लगेच पट्टा लावू का?

रंधा_आणि_पटाशी

आधी उरलेल्या इपॉक्सीचा थेंब नखाने दाबून बघा. खूण उमटली तर अजून एक दिवस थांबा. मग स्टड एकदा पूर्ण बाहेर काढून परत आवळा, आटे स्वच्छ पडलेत का ते कळेल. दस्ता व्हाइसमध्ये धरून पट्ट्याला 10 किलोची तांदळाची गोणी लटकवा, आधी सरळ आणि मग बाजूला तिरकी, कारण चालताना ओढ तिरकीच असते. स्टडच्या कडेशी पेन्सिलची रेघ मारून ठेवा. अर्ध्या तासाने ती जागची हलली नसेल तर लावा पट्टा.